बाजेपुढचं नाटक

रंजीता सासूच्या तोंडाला पेजेचा चमचा लावत होती, तेवढ्यात दारातला उजेड अडला आणि तिने मान वर करून पाहिलं, तर उंबऱ्यात तिचा नवरा उभा! आदेश... सव्वा वर्षाने घरी आलेला, अंगात फौजेचा गणवेश, खांद्यावर ती भलीमोठी हिरवी पिशवी, कुरखेड्याहून सकाळच्या गाडीने आल्यामुळे बुटांवर रस्त्याची धूळ. तिचं काळीज असं काही उसळलं की चमच्यातली पेज म्हातारीच्या पदरावर सांडली. पण आदेश तिच्या तोंडाकडे पाहतच नव्हता. तो पाहत होता तिच्या कपाळाकडे, आणि ते कपाळ कोरं होतं!

नवरा जिवंत, धडधाकट, चार हातांच्या अंतरावर उभा... आणि बायकोच्या कपाळी कुंकू नाही! हात वर करून कपाळ झाकावं असं तिच्या मनात आलं, पण एका हातात वाटी होती नि दुसऱ्यात चमचा. ती तशीच बसून राहिली.

"मी मेलो काय, रंजीता?" त्याने विचारलं. आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला.

ती काही बोलणार त्याच्या आधी बाजेवरून म्हातारीच बोलली. आशाबाईंचं डावं अंग वर्षभरापासून लुळं पडलेलं. त्यांनी गणवेश न्याहाळला, चालता होता तो उजवा हात त्याच्याकडे केला आणि अगदी शहाण्या माणसासारखं विचारलं, "आला का गा बाबू? बस. आमच्या आदेशचं सामान आणलं काय?"

आदेशच्या खांद्यावरची पिशवी खाली घसरली. ज्या आईच्या कुशीत डोकं खुपसायला म्हणून तो बर्फातून दोन दिवस-रात्र गाड्या बदलत आला होता, तिने त्याला बस म्हटलं होतं, पण परक्याला म्हणतात तसं. फोनवर रंजीताने हे सारं सांगितलं नव्हतं असं नाही, चार वेळा सांगितलं होतं. पण फोनवर ऐकणं वेगळं आणि असं भर सकाळी, स्वतःच्या घरात, स्वतःच्या आईपुढे उभं राहून मेलेलं असणं वेगळं. तो तसाच मागे फिरला आणि सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या वाडीत, निघून गेला.

रंजीताने आधी म्हातारीचं तोंड पुसलं. मग ती त्याच्या मागे गेली. आता जे काही ऐकायचं होतं ते ऐकायला तिचं मन केव्हाच तयार झालेलं होतं, वर्षभर ती तेवढ्यासाठीच तर थांबली होती.

झालं होतं ते असं. रंजीता लग्न होऊन या घरात आली आणि हळद उतरायच्या आत आदेश पलटणीत परत गेला. फौज हे त्याचं वेड होतं, पोट भरायचं साधन नव्हे. कुणी ड्युटी टाळली की हा हात वर करणार, कुठला कोर्स निघाला की याचं नाव पहिलं! वरच्या साहेबांचा लाडका, गावच्या पोरांचा आदर्श, आणि बायकोला वर्षातून एकदा येणारा पाहुणा. सासरे आधीच वारलेले. घरात दोघीच, सासू नि सून, आणि दोन बांध्या धानाचं शेत. तिला दिवस गेले होते तेव्हा सती नदीला पूर होता, कुरखेड्याचा रस्ता बंद. बैलगाडीत आडवी पडून, सासूच्या मांडीवर डोकं ठेवून ती निघाली, आणि नदी उतरायची वाट पाहता पाहता त्या गाडीतच सगळं संपलं. आदेशला कळवलं तेव्हा तो म्हणाला, आता माझी परीक्षा आहे, पुढच्या सुट्टीत पाहू. पुढच्या सुट्टीतही काही झालं नाही आणि त्याच्या पुढच्याही. कूस पुन्हा उजवलीच नाही. घराच्या भिंती तिला खायला उठायच्या.

आणि मग गुणवंतराव आले. वडशाला त्यांची नाटक कंपनी. दिवाळी सरली की होळीपर्यंत साऱ्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, मंडप ताणले जातात आणि बायाबापड्या घोंगड्या पसरून रात्रभर नाटकं बघतात. तिथली माणसं पोटाला चिमटा घेतील, पण नाटक चुकवणार नाहीत. गुणवंतरावांनी एका लग्नात रंजीताला गाताना ऐकलं आणि थेट घर गाठलं. पहिल्या वर्षी तिच्या वाट्याला मैत्रिणीची दोन वाक्यं आली. तिसऱ्या वर्षी पोस्टरवर तिचा फोटो होता! उजेडात उभं राहून पहिल्यांदा तिने तोंड उघडलं आणि समोरचा सारा मंडप चिडीचूप झाला, तेव्हा तिला कळलं की आपणही कुणीतरी आहोत. सैनिकाची बायको, आशाबाईची सून, पूर आडवा आल्यामुळे रिकामी राहिलेली बाई... याहून वेगळी कुणीतरी!

आदेशला हे पटलं नाही. फोनवर त्याने आकाशपाताळ एक केलं. माझ्या आईला एकटी टाकून तू तोंडाला रंग फासून नाचते, माझी माय तोंडाने बोलत नसेल, पण तिच्या मनाला काय वाटत असेल, म्हणाला. रंजीता मूग गिळून बसली. बोलण्यासारखं नव्हतं म्हणून नव्हे... बोलण्यासारखं फार होतं! पण ते बोलायचं नाही असा तिने शब्द दिला होता. कुणाला, ते पुढे येईलच.

शेवटच्या हंगामात गुणवंतरावांनी नवं नाटक काढलं, 'रणात सांडलं कुंकू'. सीमेवर जवान कामी येतो, गावात तार येते, आणि त्याची बायको भर मंडपात कुंकू पुसते. ही बाई रंजीताने करायची. नवरा सीमेवर असताना हे करणं तिच्या जिवावर आलं. पण ती नाही म्हणू शकली नाही. अशी भूमिका नटीच्या जन्मात एकदा येते, हे तिलाही कळत होतं. घरी मात्र तिने सासूला सांगितलं की यंदा मी नाटकात मासळीवाली आहे, सारखी भांडते आणि लोकांना हसवते. आशाबाईंनी पदर तोंडाला लावून हसून घेतलं. रंजीताने कपाळाला वेगळं, पाण्याने निघणारं कुंकू लावायचं ठरवलं, म्हणजे खरं कुंकू पुसलं असं होणार नाही. एवढीच तिच्या जिवाची समजूत!

आणि नेमके तेच दिवस होते की आदेशचा फोन लागत नव्हता. वर बर्फात कुठेतरी चौकी होती, तिथून निरोप येत नव्हता. आशाबाई रोज शेजाऱ्यांच्या पवनला फोन लावायला सांगायच्या आणि रोज तोंड पाडून छपरीत येऊन बसायच्या. एका दुपारी रंजीता वडशाला तालमीला गेलेली, म्हातारी छपरीत एकटीच सुपात लाखोळीची डाळ निवडत बसलेली. दूरच्या सडकेने नाटकाच्या प्रचाराची गाडी चालली होती. नाटक शेजारच्या गावचं, म्हणून गाडी या गावात वळलीच नाही, भोंग्याचा आवाज तेवढा वाऱ्यावर तुटत तुटत आला... "वीर जवान सीमेवर शहीद... तुमच्या लाडक्या रंजीताचं कुंकू पुसलं... तिचा आक्रोश..." पुढचं 'आज रात्री' नि 'पाहायला विसरू नका' वाऱ्याने कुठल्या कुठे नेलं.

शेजारणी धावल्या तेव्हा सूप उलटं झालेलं होतं आणि म्हातारी डाव्या अंगावर पडलेली. गडचिरोलीच्या दवाखान्यातून ती जगून परत आली, काही महिन्यांनी वाचाही आली, पण एक गोष्ट तिच्या डोक्यात खिळ्यासारखी रुतली ती रुतलीच. आदेश गेला! मग आदेशचा फोन लागला, तिच्या कानाला लावला, तर ती म्हणाली, हे नाटकवाले कोणाचाही आवाज काढतात. फोटो दाखवला तर म्हणाली, जुना आहे. आणि रंजीताच्या कपाळी कुंकू दिसलं की तिचा जीव कासावीस व्हायचा, त्या एका हाताने ती ते पुसायची. पुसून म्हणायची, "लोकं काय म्हणतीन पोरी? सोस आता." रंजीता समजावून थकली. समजावलं की म्हातारीला घाम फुटे, श्वास लागे. शेवटी तिने समजावणं सोडलं. खोलीत जाताना ती उंबऱ्यावर कुंकू पुसायची, बाहेर आली की लावायची. दिवसातून कितीदा, कोण मोजतो! स्टेजवरची विधवा तिने ज्या दिवशी सोडली, त्या दिवसापासून ती घरी विधवा झाली, एका बाजेपुढे, एका प्रेक्षकासाठी. गावातल्या बाया पाठीमागे म्हणत की ही हाताने अवदसा ओढवून घेते आहे. म्हणोत बापड्या, बायांच्या तोंडाला कोण हात लावणार!

आणि आदेश? आई पडल्याचं कळलं तेव्हा तो नायब सुभेदारकीच्या कोर्सला निघाला होता. साहेब म्हणाले, जा हवं तर, पण मग नंबर पुढल्या साली. तो कोर्सला गेला. आता खांद्यावर चमकता तारा लावून घरी आला होता.

सांदवाडीत भाताच्या तणसाच्या ढिगाला टेकून तो उभा होता. रंजीता येताच त्याने सगळं बाहेर काढलं, वर्षभराचं साचलेलं. तुझ्या नाटकाने माझी आई मेली, म्हणाला. जी जिवंत आहे ती तुझ्या त्या भोंग्यात अडकून पडलेली आहे. तुला नाचायचं होतं, तुला टाळ्या पाहिजे होत्या! आणि मग अगदी शांतपणे म्हणाला, "यानंतर स्टेजवर पाय ठेवला त या घरात ठेवजो नोको."

"मी वर्षभरापासून नाई ठेवला," रंजीता म्हणाली.

"पण मन तिथीच हाये तुयं. मले दिसते."

दिसत होतं ते खोटं नव्हतं. तिने मान खाली घातली. भोंगा ओरडला तो तिच्याच नावाने, मासळीवालीचं खोटं सांगितलं ते तिनेच. त्या पापाला ती नाही म्हणत नव्हती. फक्त ते एक वाक्य तिच्या ओठांवर येऊन थटलं होतं, ज्याने आदेशचा अर्धा राग जागच्या जागी विझला असता. तिने ते पुन्हा गिळलं.

दोन दिवसांनी गुणवंतराव मोटारसायकलवरून आले. दिवाळी तोंडावर, हंगाम उघडायचा, आणि रंजीताबाईंशिवाय नाटकाला कुणी विचारत नाही. आदेश बोलायच्या आधीच रंजीताने हात जोडले आणि सांगितलं की आता माझ्याने होणार नाही, दुसरी कुणी शोधा. गुणवंतरावांनी तिच्या कोऱ्या कपाळाकडे पाहिलं, मग आदेशकडे पाहिलं, आणि चहा न घेताच उठले. मोटारसायकलचा आवाज सडकेला लागेपर्यंत रंजीता चुलीजवळ उभी होती. तिला रडू यावं असं वाटत होतं, येत नव्हतं. आपल्यातलं काहीतरी त्या मोटारसायकलवर बसून निघून गेलं आणि आपल्याला निरोपही देता आला नाही, एवढंच तिला कळत होतं.

आदेशने सुट्टीचे दिवस आईला स्वतःची ओळख पटवण्यात घालवले. गणवेश काढून लुंगी-बनियन घातलं. लहानपणी विळा लागला होता ती पायावरची खूण तिच्या हाताला धरून दाखवली. ती बोटांनी चाचपत म्हणाली, आदेशच्या पायालेही असाच डाग होता, तुमी दोघं सोबतच पडले होते का गा? तो आणखी जवळ गेला, तिचं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणाला, मीच आहे, मीच आहे! तशी म्हातारी किंचाळली. हे कोण भूत माझ्या पोराचं तोंड लावून आलं, म्हणत थरथरायला लागली. तापली. रात्र कशी गेली ते त्या दोघांनाच ठाऊक. सकाळी आलेल्या डॉक्टरने बाजूला घेऊन सांगितलं, पुन्हा असा हट्ट कराल तर आई हातची जाईल.

त्या दुपारी आदेश सांदवाडीत गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. हुद्दा, तारा, पलटणीतला दरारा, काही काही कामाचं नव्हतं. रंजीता त्याच्याजवळ बसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याला असं तिने कधी पाहिलं नव्हतं, आणि तिच्या मनातला सगळा कडवटपणा कुठे गेला कोण जाणे.

"तिच्या मनात जे हाये तेच तिले द्या," ती म्हणाली. "मी सालभर तेच करून राह्यली."

"म्हणजे काय करू?"

"तुमी आदेश नाई. तुमी त्याच्या पलटणीतले. त्याची खबर घेऊन आले. तिले काही विचाराचं असन, इतके दिवस विचाराले कोणी भेटलं नाई तिले."

 कुठल्या नावाने जाणार, तिने त्याला विचारलं, तो म्हणाला, खुशाल. खुशाल त्याचा खराच सोबती होता, बर्फात गेलेला. बसायचं कुठे, बाजेच्या उजवीकडे, आवाज किती ठेवायचा, म्हातारीने घाबरून हात ओढला तर काय करायचं, हे सगळं तिने त्याला सांगितलं. किती दिवसांनी ती तालीम घेत होती!

"अन् मले काय म्हणान?" तिने विचारलं.

आदेश थांबला. सोबत्याच्या बायकोला काय म्हणतात हे काय त्याला ठाऊक नव्हतं! पण तो शब्द काही तोंडातून निघेना. स्वतःच्या लग्नाच्या बायकोला, जिच्या गळ्यात आपण मंगळसूत्र बांधलं तिला...

"म्हणा," ती म्हणाली. "इथी नाई म्हटलं त आतमधी अडकान."

"वहिनी," तो म्हणाला आणि त्याने तोंड फिरवलं.

"मी तुमाले भाऊ म्हणीन," रंजीताने सांगितलं. तिचाही आवाज शेवटी फाटला.

दुसऱ्या दिवशी उन्हं अंगणात आली तेव्हा आदेशने गणवेश चढवला, पुढच्या दाराने आला, हात जोडले आणि मी खुशाल, आदेशसोबत होतो, म्हणून बाजेच्या उजवीकडे बसला. आशाबाईंच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी शांतपणा आला. त्यांनी त्याचा हात आपल्या हातात घेतला. दुखलं का त्याला, हे आधी विचारलं. तो म्हणाला, नाही, झोपेत गेला, बर्फात माणसाला कळत नाही. मग पाणी मागितलं होतं का, विचारलं. तो म्हणाला, पाणी होतं जवळ. रंजीता दाराच्या चौकटीला धरून उभी होती, कोऱ्या कपाळाने, आणि नवऱ्याच्या तोंडून नवऱ्याचं मरण ऐकत होती.

"कोणाची आठवण काढे?"

"तुमची. लय काढे, माय."

तो शब्द निसटला. पण म्हातारीने हात सोडला नाही. "माय म्हण बापा," ती म्हणाली. "अन् हिची?"

 हे काही तालमीत नव्हतं. रंजीताचे डोळे जमिनीला खिळले.

"हिची नाई काढे," तो म्हणाला. "कमीच काढे. त्याले पुढं जायचं होतं, माय. नंबर लावाचा होता. घर हाये, बायको हाये, कुठी जाते, असं त्याले वाटे."

"माहीत हाये मले," आशाबाई म्हणाल्या. "पोरगा चांगला होता. पण हिचा कधी झालाच नाई. गाडीत लेकरू गेलं तिचं, माझ्या मांडीवर... अन् तो म्हणे परीक्षा हाये." त्यांना धाप लागली. रंजीता पुढे आली तर त्यांनी हातानेच तिला थांबवलं. जे वर्षानुवर्षं पोटात होतं ते आता या परक्या पोरापुढे सांडायचं होतं. "एक सांगतो तुले बाबू. हिले नाटकात मीच पाठवलं. माझ्या पायानं गुणवंतरावच्या दारात गेलो होतो मी. पोरगी भिंतीशी बोले गा, मरून गेली असती. पण आदेशले मी नाई सांगितलं. तो मले बोलन असं भेव वाटे. हिले म्हटलं, तू आपल्या नावावर घे. घेतलं तिनं! इतकं तो तोडून बोले फोनवर, पण एक शब्द नाई काढला पोरीनं."

आदेशने मान वळवून रंजीताकडे पाहिलं. तिने डोळ्यांनी नको म्हटलं, पुढे पाहा म्हटलं. तो पुन्हा बाजेकडे वळला. त्याचा चेहरा भिजला होता, पण जवानाच्या सोबत्याने रडलं तर चालतं.

"मासळीवाली होते नाटकात," आशाबाई कौतुकाने सांगत होत्या. "हासून हासून लोकायचं पोट दुखते म्हणे. एकदा पाहाचं होतं मले." रंजीताने पदराचा बोळा तोंडात कोंबला. या जन्मी ते खरं सांगता येणार नव्हतं, ज्या माणसाची माफी मागायची त्याच माणसाला ते सांगितलं तर त्याचाच जीव जाणार होता. "आता सोडून देल्लं तिनं. माझ्यापायी. तो असता त त्यालेच सांगतलं असतं. तो नाई, तू त्याच्या ठिकाणी हाये. तू सांग तिले."

 मग आदेश उठला, बायकोसमोर उभा राहिला, आणि त्याने हात जोडले.

"वहिनी," तो म्हणाला, "आदेशचं चुकलं. तुमी नाटक सोडू नका."

"हो, भाऊ," रंजीता म्हणाली. "जाईन मी."

आशाबाईंनी समाधानाने डोळे मिटले, पण लगेच उघडले. पोराला उपाशी पाठवू नको, म्हणाल्या. रंजीताने स्वतःच्या नवऱ्याला पाहुण्याचं पान वाढलं, भात, वरण, जवसाची चटणी. म्हातारी एका कुशीवर होऊन त्याचं जेवण पाहत राहिली. त्याने भाताच्या मध्ये खड्डा केला आणि त्यात वरण घेतलं. तिची नजर त्या बोटांवर थांबली, कपाळाला आठी पडली, ओठ हलले...  आदेशचा घास हातातच राहिला. क्षणभर असं वाटलं की आता, आत्ताच ती त्याला नावाने हाक मारणार!

"आदेशही असाच खाय," आशाबाई म्हणाल्या. मग त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पोटभर खाजो अन् सिधा घरी जाजो बाबू. कुठी थांबू नोको. तुयी माय वाट पाहत असन."

"हो," तो म्हणाला. "जातो."

त्याने हात धुतले, तिच्या पायांवर डोकं ठेवलं, पाहुण्यासारखी पिशवी खांद्याला लावली आणि पुढच्या दाराने स्वतःच्या घरातून बाहेर पडला. मग वळसा घालून सांदवाडीत आला आणि तणसाच्या ढिगात तोंड खुपसून ओक्साबोक्शी रडला. रंजीता उष्टं ताट घेऊन मागे आली होती. तिने ताट खाली ठेवलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला, लग्नानंतर पहिल्यांदाच असं भर उजेडात.

बऱ्याच वेळाने तो सावरला. "मी आत बोललो ते नाटकातलं नोयतं," तो म्हणाला. "मी पेन्शनचे कागद टाकतो. आता मी बसतो मायजवळ, खुशाल म्हणून बसीन, काही म्हणून बसीन. तू जा. गुणवंतरावले मी फोन लावतो."

या शब्दांसाठी तिने आयुष्याची कितीतरी वर्षं वाट पाहिली होती. आता ते शब्द समोर होते, खरे होते, आणि तो माणूसही खरा होता. तिने त्याचं तोंड पदराने पुसलं.

"या तुमी घरी," ती म्हणाली. "तुमची लय गरज हाये मले. पण मी जाईन म्हटलं, ते नाटकातलं होतं."

"काऊन?"

"मी स्टेजवर खोटं रडो. बाहेर आली का पदर झटको अन् चहा पेवो. आता तसं रडता येत नाई मले, खरंच रडू येते, अन् थांबत नाई. खरं रडणाऱ्या बाईले स्टेजवर कोण उभी ठेवन?" ती हसल्यासारखं करून म्हणाली. "माझ्यापाशी जेवढं होतं तेवढं या खोलीत खर्ची पडलं. त्याचं मले वाईट वाटत नाई असं नका समजू तुमी. लय वाटते."

 त्याने तिचा हात धरला आणि ती त्याच्याजवळ बसून राहिली, दोघंही कुठेच न पाहता.

आतून म्हातारीची हाक आली, "रंजीता, गेला का वो तो पोरगा? नीट जेवला ना?"

रंजीता उठली. डोळे कोरडे केले, पदर सारखा केला, उंबऱ्याशी क्षणभर थांबून श्वास खोल आत घेतला आणि खोलीत गेली.

"गेला, आत्याबाई. पोटभर जेवून गेला," ती म्हणाली, आणि आवाज जराही हलू दिला नाही.